रात्र खरेदीनंतर होते: ‘डॉमिनियन नॉक्टर्न’ पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी

डॉमिनियन या पत्त्यांच्या खेळाची ‘नॉक्टर्न’ ही पुरवणी पेटी उघडली त्या संध्याकाळी मी उत्साहाच्या भरात दहाच्या दहा ढीग तिच्यातलेच मांडले. चार भिडू, टेबलावर पाण्याचा पेला ठेवायला जागा नाही, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतंय, “आता हे पान कुठून उचलायचं?” तासाभराने एकाने गुपचूप रमीचा कॅट बाहेर काढला. त्यात खेळाची चूक नव्हती, मांडणाऱ्याची होती. नॉक्टर्नमध्ये एकावर एक रचलेल्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एका दिवसात कुणाच्या पचनी पडत नाहीत. म्हणून हा लेख तीन डावांचा आहे: पहिल्यात फक्त रात्र, दुसऱ्यात वरदानं, तिसऱ्यात करणी.

मूळ खेळ थोडक्यात

ज्यांना डॉमिनियन येतो त्यांनी हा भाग ओलांडून पुढे जावं.

डोनाल्ड एक्स. व्हॅक्करिनो यांचा हा खेळ २००८ साली रिओ ग्रांदे गेम्सने काढला. २००९ मध्ये त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. रमीत सगळ्यांचा कॅट एकच असतो. इथे प्रत्येकाचा वेगळा, आणि तो खेळता खेळता बनवायचा. सुरुवातीला प्रत्येकाकडे दहा पानं: ७ कॉपर आणि ३ इस्टेट. कॉपर म्हणजे एक नाणं. इस्टेट शेवटी एक गुण देते, तोवर हातात नुसती अडगळ. पाच पानं उचला, खेळा, खरेदी करा, सगळं आपल्या वापरलेल्या ढिगावर टाका, नवी पाच उचला. डेक, म्हणजे तुमची उचलायची गड्डी, संपला की वापरलेला ढीग पिसून पुन्हा डेक. म्हणजे आज घेतलेलं पान दोन-तीन पाळ्यांनी हातात येतं.

पाळीचे टप्पे ठरलेले. आधी ॲक्शन: एक ॲक्शन पान खेळता येतं, त्या पानाने आणखी ॲक्शन दिल्या तर आणखी. मग खरेदी: नाण्यांची पानं टेबलावर टाका आणि एक पान विकत घ्या. मग आवराआवर. मधोमध दहा प्रकारच्या पानांचे ढीग असतात, प्रत्येक डावाला वेगळे. आठ नाण्यांची प्रॉव्हिन्स सहा गुणांची. प्रॉव्हिन्सचा ढीग संपला किंवा कुठलेही तीन ढीग संपले की डाव संपतो आणि गुण मोजायचे.

नॉक्टर्न ही २०१७ साली आलेली पुरवणी पेटी. ५०० पानं, त्यात मांडायच्या ढिगांचे ३३ प्रकार. एकटी खेळता येत नाही, मूळ पेटी सोबत लागते. विषय रात्रीचा: लांडगामाणूस, व्हॅम्पायर, भुतं, जंगलातल्या शक्ती. चित्रं सुंदर आहेत, पण चित्रांसाठी ही पेटी घेऊ नका, कारण खरी गंमत एका साध्या बदलात आहे.

तो बदल कोणता

खरेदी आणि आवराआवर यांच्यामध्ये एक नवा टप्पा येतो, रात्रीचा. गडद पार्श्वभूमीची ‘नाइट’ लिहिलेली पानं तेव्हा खेळायची. त्यांना ॲक्शन खर्च होत नाही. हातात चार असतील तर चारही खेळा.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण मूळ खेळात खरेदी झाली की पाळी जवळपास संपलेली असते. इथे खरेदी झाल्यावर अजून एक संधी आहे, आणि तोपर्यंत आज काय मिळालं, काय हुकलं, हातात काय उरलं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. नॉक्टर्नची चांगली पानं याच माहितीवर चालतात. एक बंधन मात्र लक्षात ठेवा: रात्र झाली की बाजार बंद. रात्री गोल्ड (तीन नाण्यांचं पान) मिळालं तरी ते आज खर्च करता येत नाही, मागे जाऊन खरेदी करता येत नाही.

पहिला डाव: फक्त रात्र

मूळ पेटीतून सेलर, व्हिलेज, स्मिदी, मिलिशिया, मार्केट घ्या. ही पाचही पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही आवृत्त्यांत आहेत. नॉक्टर्नमधून मॉनेस्टरी (किंमत २), घोस्ट टाउन (३), नाइट वॉचमन (३), डेव्हिल्स वर्कशॉप (४) आणि कॉब्लर (५) घ्या. डेव्हिल्स वर्कशॉपसाठी इम्प नावाचा वेगळा ढीग बाजूला लागतो. बाकी जादाचं काही नाही.

मॉनेस्टरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. ते पान सांगतं: या पाळीत तुम्हाला जितकी पानं मिळाली, तितकी पानं हातातून ट्रॅश करा, किंवा टेबलावर खेळलेली कॉपर ट्रॅश करा. ट्रॅश म्हणजे डेकमधून कायमची सुट्टी. या खेळात नवशिका नेहमी पानं जमवत सुटतो आणि जुने जाणते पानं काढत बसतात, कारण बारीक डेक म्हणजे चांगलं पान लवकर हातात. पण काढायची किंमत असते: एरवी हातातलं कॉपर ट्रॅश केलं तर त्या पाळीला ते एक नाणं गेलंच. मॉनेस्टरीत ते कॉपर आधी खर्च करायचं, त्याने वस्तू घ्यायची आणि रात्री तेच कॉपर जाळायचं. बसचं तिकीट काढलं, प्रवासही झाला आणि वर ते पैसे पाकिटातून काढायचेच होते, असला प्रकार.

प्रत्यक्ष पाळी बघा. हातात मार्केट, मॉनेस्टरी आणि तीन कॉपर. मार्केट खेळलात: एक पान उचललं (समजा सिल्व्हर), एक जादा ॲक्शन, एक जादा खरेदी, एक नाणं. एकूण नाणी सहा: मार्केटचं एक, कॉपरची तीन, सिल्व्हरची दोन. दोन खरेद्या आहेत. साधा विचार केला तर गोल्ड घ्यावंसं वाटेल. त्याऐवजी घोस्ट टाउन आणि नाइट वॉचमन घ्या, तीन अधिक तीन. ही दोन्ही पानं विकत घेतली की वापरलेल्या ढिगावर न जाता थेट हातात येतात, हे त्यांच्यावरच लिहिलंय. म्हणजे घेतल्या रात्रीच वापरता येतात.

रात्र झाली. मॉनेस्टरी: आज दोन पानं मिळाली, म्हणून टेबलावरची दोन कॉपर ट्रॅश. घोस्ट टाउन: पुढच्या पाळीच्या सुरुवातीला एक जादा पान आणि एक जादा ॲक्शन. हे पान तोवर टेबलावर राहतं, आवरताना उचलायचं नाही. शेवटी नाइट वॉचमन: डेकची वरची पाच पानं बघा, नको ती टाका, उरलेली हव्या त्या क्रमाने परत वर ठेवा. आता मोजा. आवराआवरीत तुम्ही किती पानं उचलता? पाच. म्हणजे हा पहारेकरी तुमचा पुढचा हात निवडून देतो. पाचातली तीन इस्टेट असतील तर तीनही टाका, त्यांच्या जागी खालून नवी येतील.

माझ्या मते ही एक पाळी नीट समजली तर नॉक्टर्न अर्धा समजला.

मग डेव्हिल्स वर्कशॉप. हे पान रात्री विचारतं, आज किती पानं मिळाली? दोन किंवा जास्त, तर एक इम्प घ्या. एक, तर चार किमतीपर्यंतचं एक पान फुकट. एकही नाही, तर थेट गोल्ड. गोल्डची किंमत सहा, म्हणजे हातात तीन-चार नाण्यांचा फाटका हात आला की नवशिका नाइलाजाने सिल्व्हर घेतो, तेव्हा वर्कशॉपवाला काहीच न घेता गोल्ड उचलतो. काहीही विकत न घेणं ही इथे चाल आहे, आणि ती पचायला दोन-तीन डाव लागतात. इम्पलाही कमी लेखू नका: दोन पानं उचलायची आणि वर हातातलं एखादं ॲक्शन पान खेळायचं, अट एवढीच की त्याची दुसरी प्रत आधी टेबलावर नसावी.

इथेच क्रमाचं महत्त्व कळतं. रात्रीची पानं हव्या त्या क्रमाने खेळता येतात. वर्कशॉप आणि मॉनेस्टरी दोन्ही हातात आहेत आणि काही घेतलं नाही. मॉनेस्टरी आधी खेळली तर मिळालेली पानं शून्य, ट्रॅश शून्य. वर्कशॉप आधी खेळलं तर गोल्ड मिळालं, आता मोजणी एक, आणि मॉनेस्टरीने एक इस्टेट गेली. दोन वर्कशॉप असतील तर पहिलं गोल्ड देईल, दुसरं मात्र आता ‘एक’ मोजेल आणि चारपर्यंतचं पान देईल.

कॉब्लर सोपा आहे. आज रात्री खेळला की पुढच्या पाळीच्या सुरुवातीला चारपर्यंतचं एक पान थेट हातात. कोणतं, ते त्या वेळी ठरवायचं, आधी नाही. नवा हात बघून हवं ते मागवता येतं, व्हिलेज कमी पडतंय तर व्हिलेज.

दुसरा डाव: वरदानं

आता ‘बून’ची बारा आडवी पानं काढा. मी त्यांना वरदानं म्हणतो. प्रत्येक वेगळं: पर्वताचं वरदान सिल्व्हर देतं, समुद्राचं एक पान, ज्वाळेचं हातातलं एक पान ट्रॅश करू देतं, आकाशाचं तीन पानं टाकलीत तर गोल्ड देतं. ज्या पानावर ‘फेट’ हा शब्द आहे असं एक जरी मांडलं तरी वरदानांची गड्डी पिसून बाजूला ठेवायची, आणि विल-ओ-विस्पचा ढीगही ठेवायचा, कारण दलदलीचं वरदान तेच पान देतं. दर वेळी विसरलं जाणारं हेच.

माझ्या या डावातली पानं: ड्रुइड (२), पिक्सी (२), घोस्ट टाउन (३), बार्ड (४), ब्लेस्ड व्हिलेज (४). मूळ पेटीतून मोट, वर्कशॉप, स्मिदी, रिमॉडेल, लॅबोरेटरी.

शिकवायला ड्रुइडसारखं पान नाही. तो मांडणीत असला की सुरुवातीलाच तीन वरदानं उघडी करून त्याच्यापाशी ठेवायची. ती डावभर तिथेच. ड्रुइड खेळला की एक जादा खरेदी आणि त्या तिघांतलं एक तुमच्या मर्जीचं. नशिबाचा भाग नाही, वाचून वाचून वरदानं पाठ होतात. उरलेली नऊ पालथी, त्यांतून बार्डला वगैरे मिळतात. बार्ड दोन नाणी आणि एक अनोळखी वरदान देतो. पिक्सी जास्त मजेशीर: वरचं वरदान उघडा, आवडलं तर पिक्सीलाच ट्रॅश करून ते दोनदा घ्या. ज्वाळेचं वरदान निघालं की सुरुवातीच्या पाळ्यांत हात आवरत नाही, दोन इस्टेट एका फटक्यात जातात.

बहुतेक वरदानं मिळाली की लगेच वापरून टाकायची. तीन मात्र पाळी संपेपर्यंत समोर राहतात: शेताचं, जंगलाचं आणि नदीचं. नदीचं वरदान पाळीच्या अगदी शेवटी एक पान जादा देतं, त्यामुळे समोर ठेवलं नाही तर हमखास विसरतं.

पिक्सीसोबत आणखी एक गोष्ट येते, वारसा. पेटीतली सात पानं आपल्यासोबत एकेक ‘एअरलूम’ आणतात आणि सुरुवातीच्या सात कॉपरपैकी एकाच्या जागी ते पान प्रत्येकाला मिळतं. पिक्सीची गोट म्हणजे शेळी: एक नाणं देते आणि वर हातातलं एक पान ट्रॅश करू देते. पहिल्या पाळीपासून तुमच्या हाती कचरा खाणारी शेळी असणं केवढं मोठं आहे ते लगेच कळत नाही. दोन पाळ्या शेळी वापरायची विसरलेला भिडू मी दर वेळी बघतो. पूका हे पान मांडलंत तर वारसा ‘कर्स्ड गोल्ड’, तीन नाणी देणारं आणि खेळलं की दर वेळी एक कर्स (शेवटी एक गुण कापणारं पान) गळ्यात मारणारं. पहिल्याच पाळीला सहा नाणी दिसली की मोह होतो. ते खेळायलाच हवं अशी सक्ती नाही, एवढं नव्या माणसाला आधी सांगा.

‘फूल’ (Fool, म्हणजे मूर्ख) नावाचं पान मात्र पहिले काही डाव बाजूलाच ठेवा. ते एकदम तीन वरदानं देतं, हव्या त्या क्रमाने वापरायला, आणि सोबत ‘लॉस्ट इन द वुड्स’ नावाची अवस्था. आपल्याकडे ज्याला चकवा लागणं म्हणतात तेच, फक्त इथे चकवा लागलेल्याचा फायदा होतो: पाळीच्या सुरुवातीला एक पान टाकून एक वरदान. कल्पना गोड आहे, पण एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांचा चहा होतो.

तिसरा डाव: करणी

उरली ‘हेक्स’ची बारा पानं. कर्स हा शब्द खेळात आधीच वेगळ्या पानासाठी आहे, म्हणून मी हेक्सला करणी म्हणतो, आणि तो शब्द बसतोही फार छान. ‘डूम’ लिहिलेलं एक जरी पान मांडलं तर ही गड्डी लागते, आणि सोबत डिल्युडेड, एन्व्हियस, मिझरेबल या अवस्थांची पानं.

मांडणी: गार्डियन (२), चेंजलिंग (३), नेक्रोमॅन्सर (४), व्हॅम्पायर (५), वेअरवुल्फ (५). सोबत मूळ पेटीतली सेलर, मोट, व्हिलेज, रिमॉडेल, मार्केट.

वेअरवुल्फ दिवसा ॲक्शन म्हणून खेळला तर तीन पानं उचलून देतो. रात्री खेळला तर बाकी सगळ्यांवर करणी. दोन लांडगे हातात असतील तर एकाला दिवसा कामाला लावा, दुसऱ्याला रात्री सोडा. करणीचं पान एकच उघडायचं आणि तेच बाकी सगळ्यांना लागू होतं, प्रत्येकाला वेगळं नाही. ही चूक पहिल्या डावात जवळजवळ सगळे करतात.

करण्या सारख्या जोराच्या नाहीत. ग्रीड फक्त एक कॉपर डेकवर ठेवते. पॉव्हर्टी हात तीन पानांवर आणते. प्लेग कर्स थेट हातात देते. वॉर सगळ्यांत जिव्हारी लागते: तीन किंवा चार किमतीचं पान येईपर्यंत डेक उघडत जायचं आणि ते पान ट्रॅश. बारीक, निवडक डेकवाल्याचं नेमकं लाडकं पान जातं. मिझरी पहिल्यांदा दोन गुण कापते, दुसऱ्यांदा मिळून चार. चार भिडूंत दोघांकडे लांडगे असले की डाव रेंगाळतो, म्हणून हा तिसरा डाव दोघांनी किंवा तिघांनी खेळा.

बचाव दोन. मोट हल्ल्याच्या वेळी हातात असलं पाहिजे, मग दाखवून सुटायचं. गार्डियन रात्री खेळायचं आणि तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत तुम्ही सुरक्षित, वर पुढच्या पाळीला एक नाणं. तेही विकत घेताच हातात येतं, म्हणून दोन नाण्यांचा वाया चाललेला हात त्याच रात्री कामी येतो.

व्हॅम्पायर हे या पेटीतलं माझं आवडतं पान. रात्री खेळा: इतरांना करणी, तुम्हाला पाचपर्यंतचं एक पान फुकट (दुसरा व्हॅम्पायर सोडून), आणि मग व्हॅम्पायरचं वटवाघूळ होतं, म्हणजे ते पान ढिगात परत जाऊन बदल्यात बॅट मिळतं. बॅट रात्री खेळलं की हातातली दोनपर्यंत पानं ट्रॅश करा, एक जरी केलं तर त्याचा पुन्हा व्हॅम्पायर. एक रात्र मिळवायचं, पुढच्या रात्री साफ करायचं. मॉनेस्टरीशी तुलना करून एक फरक लक्षात ठेवा: वटवाघूळ फक्त हातातलं खातं. जे कॉपर जाळायचंय ते खरेदीत टेबलावर टाकू नका. सात नाणी आहेत, पाचचंच पान घ्यायचंय, तर दोन कॉपर हातात दाबून ठेवा.

नेक्रोमॅन्सर ट्रॅशमधलं ॲक्शन पान खेळतो. ते पान ट्रॅशमध्येच राहतं, फक्त त्या पाळीपुरतं पालथं करायचं. सुरुवातीला ट्रॅश रिकामा असतो म्हणून झोंबी नावाची तीन ॲक्शन पानं आधीच तिथे ठेवायची. घाईत झोंबी विसरले तर नेक्रोमॅन्सर घेणारा पहिला भिडू रिकाम्या स्मशानाकडे बघत बसतो.

चेंजलिंग वाचायला अवघड, वापरायला सोपं. रात्री ते ट्रॅश करा आणि टेबलावर असलेल्या तुमच्या कुठल्याही पानाची एक प्रत घ्या. तीन नाण्यांत गोल्डची प्रत, फक्त ते गोल्ड त्या पाळीला खेळलेलं हवं.

आणखी काही बारकावे

इम्प, घोस्ट, विल-ओ-विस्प, विश, बॅट यांच्या किमतीपाशी तारा आहे. ती विकत मिळत नाहीत, आणि त्यांचा ढीग संपला तरी डाव संपवणाऱ्या तीन ढिगांत धरायचा नाही.

सरावल्यावर लेप्रकॉन मांडून बघा. तो गोल्ड देतो, पण टेबलावर तेव्हा तुमची खेळलेली नेमकी सात पानं असतील तर करणीऐवजी विश मिळते, सहापर्यंतचं कुठलंही पान हातात आणणारी. सहा नाही, आठ नाही, सात. माणसं बोटं मोजत बसतात ते बघण्यासारखं असतं.

एवढी मांडणी हाताने नको असेल तर डॉमिनियनची अधिकृत ऑनलाइन आवृत्ती आहे, तिथे वारसा, वरदानं, झोंबी सगळं आपोआप जागेवर येतं. नियम शिकायला ती उत्तम, कारण चुकीची चाल ती करूच देत नाही. पण आधी एक डाव टेबलावर खेळा. स्क्रीनवर करणी कुठून आली तेच कळत नाही.

आणि आवरताना वारशाची पानं शोधून वेगळी काढा. शेळी कुणाच्या तरी डेकमध्ये राहते, पेटी बंद होते, आणि पुढच्या वेळी पिक्सी मांडल्यावर चौथ्या भिडूची शेळी सापडत नाही. माझी एकदा स्मिदीच्या ढिगात मिळाली होती.